चिंच, मीठ आणि अकरा शिवराया

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायचं ठरलं तेव्हा माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. (आयटीवाल्यांना शनिवार-रविवार मोकळा असतो, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे.) माळ्यावरून काय काय निघालं! पितळी घंगाळ, बिनझाकणाचा बंब, कल्हई उडालेली पातेली, आणि एका डब्यात जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. आत अकरा तांब्याची नाणी. काळपट, मधूनच हिरवी, जाडजूड आणि ओबडधोबड. शिवराया! आजोबांच्या आजोबांनी गाव सोडताना बरोबर आणल्या होत्या म्हणे. त्या गावातली आमच्याकडे उरलेली ही एकच वस्तू.

आता माझ्यासारख्या उत्साही माणसाने काय करावं? मी चिंच भिजत घातली. चिंचेच्या कोळात मूठभर मीठ टाकलं, आठ नाणी त्यात सोडली आणि झोपायला गेलो. तीन वाडग्यात मावली नाहीत म्हणून बाहेर राहिली. सकाळी आठही नाणी गुलाबी झाली होती. नव्या तांब्याच्या तारेसारखी, अगदी बाळसेदार! मी खूश.

ही खुशी चार दिवस टिकली. पेठेतच एक जुने नाणेसंग्राहक काका राहतात, त्यांना कौतुकाने दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून एकेक नाणं पाहिलं, चष्मा काढला आणि अस्सल पेठी आवाजात विचारलं, "यांना आंघोळ कोणी घातली?"

मी म्हटलं, "मीच."

"साबणही लावायचा होतात की मग."

त्यानंतर तासभर त्यांनी मला जे शिकवलं, आणि पुढचे काही वीकएंड मी जे वाचत बसलो, त्याचं हे टिपण.

आधी चिंचेची बाजू मांडतो, कारण तिच्यावर अन्याय नको. तांबं हवेत राहिलं की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळा. ओल, घाम, आंबट यांनी हिरवा जंगाल चढतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. आम्ल हा थर विरघळवतं, आणि मिठातला क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवून काम भराभर पुढे नेतो. म्हणून नुसत्या चिंचेपेक्षा चिंच-मीठ जोरात चालतं. कोकणात हेच काम आमसुलाने होतं, देशावर आंबट ताकानेही. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र शिकवायला कोणी आलं नव्हतं, पण पाककृती बिनचूक होती.

आणि याच आम्लाचा दुसरा चेहराही त्यांना ठाऊक होता. पितळेच्या पातेल्यात आमटी ठेवली की 'कळकते'. म्हणजे चिंच जे भांड्याच्या बाहेर करते तेच आत करते, फक्त सुटलेलं तांबं आपल्या पोटात जातं. त्यावर उपाय कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकून आतला पृष्ठभाग साफ करायचा आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे रस्त्याकडेच्या भात्यावरही हे काम होतं. नवसागराचा तो पांढरा धूर आणि नाकात जाणारा उग्र वास ज्यांनी अनुभवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे स्टेनलेस स्टील घराघरात आलं आणि कल्हईवाल्याची हाक गल्लीतून जवळजवळ नाहीशी झाली.

पुण्यात तांब्याचं माहेर म्हणजे कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईपासून इथे तांबट मंडळी हातोड्यांनी भांडी घडवत आली आहेत. बंब, घागरी, हंडे... ठोकून ठोकून तांबं कडक होतं, म्हणून मधूनमधून ते भट्टीत लाल करून मऊ करावं लागतं. आगीतून निघालेलं भांडं काळंठिक्कर असतं. ते सौम्य आम्लात बुडवून, घासून साफ करतात आणि मग खास हातोड्याने पृष्ठभागावर एकाशेजारी एक सारखे ठोके देतात. याला म्हणतात मठारकाम. पुण्याच्या तांब्याला जी शेकडो छोट्या आरशांची चमक असते ती या ठोक्यांची. म्हणजे तांबटाच्या दृष्टीने काळा थर हा कामातला अडथळा. तो गेलाच पाहिजे, त्याशिवाय भांडं पुरं होत नाही.

घरातही तोच नियम. देव उजळायचे, समया उजळायच्या, दसऱ्याला सगळं पितळ अंगणात. आधी चिंच, राख आणि काथ्या होता. १९०५ साली इंग्लंडमध्ये 'ब्रासो' निघालं. त्यात बारीक खरखरीत पूड असते, विरघळवणारं द्रावण असतं आणि अमोनिया असतो. छावण्यांमधली बक्कलं आणि बटणं त्यावर चमकू लागली. १९८९ मध्ये ठाण्यातून 'पीतांबरी' आली आणि चिंच भिजवण्याचे कष्टही वाचले. बाटली असो की पुडी, पद्धत तीच : वरचा थर काढा, खालचा धातू दाखवा.

आता इथे एक साधी गोष्ट आपण विसरतो. काढलेला थर हा कचरा नसतो, तो त्याच भांड्याचा धातू असतो. तांब्याचाच काही भाग हवेशी संयोग पावून काळा झालेला असतो. तो काढला की तेवढं तांबं कायमचं गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही 'डिलीट' आहे, 'अन्डू' नाही आणि बॅकअपही नाही. दोन किलोच्या घागरीला याने काही फरक पडत नाही. पण ज्या वस्तूचं सगळं मोल वरच्या केसभर जाडीत आहे, तिचं काय?

याचं उत्तर समजायला एक गोष्ट सांगतो. ती पुण्यातच घडली, आणि त्यातही एक तांबट आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळच्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर), पण पुण्यात राहणाऱ्या एका तांबटाकडे तांब्याचे दोन कोरीव पत्रे होते. १९१२ साली विद्वान का. बा. पाठक यांनी त्याबद्दल लिहिलं. नंतर पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी मिळून त्याचं सविस्तर वाचन 'एपिग्राफिया इंडिका'त छापलं. आज इतिहासाच्या पुस्तकांत तो 'प्रभावतीगुप्ताचा पुणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो.

ही प्रभावतीगुप्ता म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि विदर्भातल्या वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा गेला, मुलगा दिवाकरसेन लहान, म्हणून ती कारभार पाहत होती. नंदिवर्धनहून (म्हणजे रामटेकजवळचं नगरधन) तिने एका ब्राह्मणाला गाव दान दिलं आणि ते तांब्यावर कोरून दिलं. काळ साधारण पाचव्या शतकाची सुरुवात.

यात एवढं मोठं काय? तर तोवर वाकाटक नेमके कधीचे यावरच वाद होता. फ्लीटसारखा मोठा विद्वान त्यांना दोन-तीनशे वर्षं अलीकडे ढकलत होता. या पत्र्यांवर राणीने आपल्या बापाचं नाव आणि वंश स्वच्छ सांगितला होता. चंद्रगुप्ताचा काळ ठाऊक होता, त्यामुळे जावयाचाही काळ पक्का झाला. अजिंठ्याची शेवटच्या टप्प्यातली लेणी वाकाटकांच्या काळातली, हे लक्षात घेतलं की या दोन पत्र्यांवर केवढी इमारत उभी आहे ते कळेल.

पण मला जास्त चक्रावून टाकलं ते अक्षरांनी. वाकाटकांचे बाकीचे ताम्रपट बहुतेक 'पेटिकाशीर्षक' अक्षरात आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. पुणे ताम्रपटातल्या अक्षरांची डोकी मात्र खिळ्यासारखी आहेत आणि वळण गुप्तांच्या लिपीचं. यावरून अभ्यासकांनी अनुमान काढलं की राणीच्या पदरी लिहिणारी माणसं तिच्या माहेराहून आलेली असावीत. विचार करा. एक राजकन्या लग्न होऊन विदर्भात येते, बरोबर आपले कारकून आणते, आणि ही गोष्ट आपल्याला कळते ती अक्षराच्या डोक्यावर पेटी आहे की खिळा एवढ्यावरून. तो फरक किती मोठा? एका छिन्नीच्या टोकाएवढा.

आता कल्पना करा, हे पत्रे कोणी हौसेने दर दसऱ्याला चिंच-मिठात घातले असते तर? मजकूर कदाचित वाचता आला असता. राणीचं नाव राहिलं असतं. पण डोकी झिजून पेटी आणि खिळा एक झाले असते, आणि माहेरची माणसं इतिहासातून निघून गेली असती. कोणाला पत्ताही लागला नसता की काही हरवलंय.

आणि तांबटाचा मोठेपणा लक्षात घ्या. मोडीचं तांबं वितळवणं हा त्याचा रोजचा धंदा. नांगराच्या फाळाला लागलेले असे किती पत्रे मोड म्हणून विकले गेले आणि त्यांचे हंडे झाले, त्याचा हिशोब कोणाकडे असणार? ज्याच्या हातात भट्टी होती त्याच्याच घरात हे दोन पत्रे टिकले. काळा थर काढणं हेच ज्याचं काम, त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं. मला कळलं नाही, आणि मी इंजिनिअर!

गंमत म्हणजे मी ज्या पेठेत वाढलो तिथेच, भरत नाट्य मंदिराजवळ, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं. कागद, पोथ्या, नाणी, ताम्रपट यांचा केवढा साठा तिथे आहे! लहानपणापासून मी त्या दारावरून हजारदा गेलो. नाणी घेऊन एकदा आत जाऊन विचारावं, हे मात्र सुचलं नाही. चिंच जवळ होती ना!

बरं, ही चूक फक्त माझ्यासारख्या हौशींनीच केली असं नाही. जगभरातल्या संग्रहालयांनीही हा धडा ठेचा खाऊनच घेतला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने बॉम्बच्या भीतीने वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात हलवल्या. बॉम्बपासून वाचल्या, पण दमट हवेने लोखंड गंजलं, काशावर डाग पडले. शेवटी अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला बोलावलं आणि १९२० साली त्यातून संग्रहालयाची प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० च्या सुमारास अशी प्रयोगशाळा सुरू झाली. एस. परमशिवन यांनी तिथे दक्षिणेतल्या काशाच्या मूर्तींवर विजेच्या साहाय्याने गंज काढण्याचे उपचार केले.

तेव्हाची एकूण रीत अशी होती की गंज हा रोग, तो पूर्ण उतरवायचा. हळूहळू लक्षात आलं की अनेक वस्तूंचा मूळ पृष्ठभाग धातूत उरलेलाच नसतो, तो गंजाच्या थरात असतो. जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या नाण्याचं तांबं बाहेरून आत बदलत जातं, पण अक्षराचा उठाव त्या तांबूस ऑक्साइडने जसाच्या तसा धरून ठेवलेला असतो. थर उतरवला की अक्षरही उतरलं. खाली उरतो गुलाबी, खडबडीत गाभा. माझ्या आठ शिवरायांसारखा.

सगळेच थर असे गुणी नसतात, हेही सांगायला हवं. काळा-तपकिरी-गडद हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर हा धातूचा मित्र. पण फिकट हिरवी, पिठासारखी, बोटाला लागणारी पूड दिसली तर सावध. त्याला 'ब्रॉन्झ डिसीज' म्हणतात. धातूच्या आत अडकलेला क्लोराइड ओल मिळाली की जागा होतो, तांबं खातो, त्यातून आम्ल बनतं, ते आणखी तांबं खातं. लूपमधून बाहेर पडायची अटच नाही! १९६७ साली मॅडसेन नावाच्या संशोधकाने बेन्झोट्रायझोल हे रसायन यावर वापरता येतं असं दाखवलं. ते तांब्यावर पातळ पडदा धरतं आणि तेव्हापासून संग्रहालयांत वापरात आहे. पण ते विषारी आहे, घरी करायचं काम नव्हे.

आणि आता माझी फजिती पूर्ण करतो. क्लोराइड कुठून येतो? मिठातून. पुढच्या पावसाळ्यात माझ्या आठातल्या दोन नाण्यांवर फिकट हिरवी पूड आली. मी नाणी स्वच्छ केली नव्हती, त्यांना आजार लावला होता.

काकांनी मला सांगितलं ते असं. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण हीच नाणी पुढे पेशवाईतही अनेक टांकसाळींत पडत राहिली आणि इंग्रजी अंमल आल्यावरही काही वर्षं बाजारात चालत होती. त्यामुळे शिवराई म्हटली की ती महाराजांच्या काळातलीच असं नाही. कुठली, कधीची, हे ठरतं अक्षरांच्या वळणावरून, 'शिव' लिहिलंय की 'सिव' यावरून, भोवतीच्या ठिपक्यांवरून, मधल्या आडव्या रेघांवरून. 'दुदांडी' नावाचा एक प्रकारच त्या रेघांवरून ओळखतात. माझ्या आठ नाण्यांवर 'श्री' कळते, बाकी सगळं मऊ पडलंय. आमचं गाव कुठल्या टांकसाळीच्या वाटेवर होतं, पूर्वज नेमके कधी निघाले असतील, याचा एक धागा त्या काळ्या थरात होता. तो मी मोरीत ओतला.

मग काय, चमकवायचंच नाही का? तसंही नाही. शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय एकदा या नजरेने पाहा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेले दिवे, अडकित्ते, भांडी, पेट्या. यातल्या बहुतेक गोष्टी घरात वापरलेल्या आहेत. कड्या हातांनी झिजल्यात, कडा घासून गोल झाल्यात. ती झीजही इतिहासच आहे. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. पिढ्यान्‌पिढ्या उजळून त्याचा चेहरा जवळजवळ सपाट झालाय, घोडा कुठला आणि देव कुठला ते आईलाच दिसतं. संग्रहालयवाला म्हणेल नुकसान. आई म्हणते, देव झिजला नाही, आपण पुसला. दोघंही बरोबर आहेत. टाक अजून 'वापरात' आहे, झिजला तर नवा करून घ्यायची रीतही आहे. नाणं वापरातून गेलं, आता त्याचं काम फक्त सांगणं हे आहे. वापरातल्या वस्तूला घासा, सांगणाऱ्या वस्तूला बोलू द्या. मला तरी एवढीच रेघ मारता आली.

जाता जाता, आंघोळीचे नियम :

तांब्याची रोजची भांडी चिंच-मिठाने खुशाल घासा, पण दोन-चार मिनिटंच. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडी पुसा. मीठ राहिलं तर काळं नाहीतर हिरवं लवकर येतं.

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. आंबटात फार वेळ ठेवलं की आधी जस्त निघून जातं आणि पितळ लालसर दिसू लागतं. ती चमक नव्हे, झीज आहे.

कल्हईवर तारेची घासणी नको, आणि मुलामा दिलेल्या वस्तूवर पॉलिश नको. मुलामा केसाहून पातळ असतो. (कॉम्प्युटर सुरू होईना की रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासणारे आम्ही! चालतं खरं, पण दर वेळी थोडं सोनं रबराला लागतं.)

चांदीला रिठ्याचं पाणी आणि मऊ कापड. दंतमंजन नको, त्यात खर असते. अॅल्युमिनियमचा कागद आणि खायच्या सोड्याचं गरम पाणी हा उपाय खरोखर चालतो, कारण त्यात काळा सल्फाइड परत चांदी होतो आणि धातू वाया जात नाही. पण मुद्दाम काळी केलेली नक्षी किंवा खडे असतील तर तोही नको.

जुनी नाणी, ताम्रपट, कोरीव मजकूर यांना काहीही नको. फार तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून मऊ ब्रशने सुटी माती काढा आणि पूर्ण वाळवा. कोरड्या जागी ठेवा. स्वस्त मऊ प्लॅस्टिकचे पाउच टाळा, पीव्हीसीमधून क्लोराइड सुटतो. चांदीजवळ रबरबँड ठेवू नका, त्यात गंधक असतं. आणि काहीही करण्याआधी चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तेवढा एक बॅकअप तरी राहील.

आता वाड्याच्या जागी लिफ्टवाली इमारत आहे. घंगाळात आईने तुळस लावलीय. बंब तांबट आळीत नेऊन ठोकून आणला, तो हॉलमध्ये लखलखतो, आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्याबद्दल विचारतो.

वाडग्यात न मावलेल्या त्या तीन शिवराया मी काकांकडे नेल्या. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. दोन दुदांडी निघाल्या, उशिराच्या. तिसरीवर मातीचा थर जाड आहे, त्याखाली काय आहे ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"काढू का माती?" मी विचारलं.

"घाई काय आहे?" ते म्हणाले.

तिसरी शिवराई तशीच मातीसकट सुती कापडात बांधून ठेवली आहे.